लेबल झाकून चाखा: प्रसिद्ध नावाची स्वस्त आयरिश ब्लेंडेड व्हिस्की

प्रॉपर नंबर ट्वेल्व्ह ही आयरिश व्हिस्की २०१८ साली बाजारात आली, ती कॉनर मॅक्ग्रेगर या एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स) लढवय्याच्या नावावर. ‘ट्वेल्व्ह’ म्हणजे डब्लिन १२, तो जिथे वाढला त्या क्रमलिन भागाचा टपाल विभाग. बाटलीतली दारू मात्र उत्तर आयर्लंडमधल्या बुशमिल्स डिस्टिलरीची. २०२१ मध्ये ब्रँडची पूर्ण मालकीही बुशमिल्सच्याच मालक-समूहातल्या प्रॉक्सिमोकडे गेली. याच जातकुळीतल्या आणखी बाटल्या आहेत: बर्मिंगहॅमच्या जुन्या टोळीचं नाव मिरवणारी पीकी ब्लाइंडर, द पोग्स या बँडच्या नावाची २०१५ साली आलेली काळी बाटली.

अशा बाटल्यांबद्दल मतं दोन टोकांची असतात. चाहते डोक्यावर घेतात, जाणकार न चाखताच नाक मुरडतात. दोघांचाही निकाल लेबलावर लागलेला असतो. म्हणून इथे सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: नाव बाजूला ठेवून आतल्या दारूची नीट, न घाईने परीक्षा घेणं आणि ती कशासाठी चांगली आहे हे ठरवणं. उदाहरण प्रॉपर ट्वेल्व्हचं घेतलं आहे, पण पद्धत या किमतीच्या कुठल्याही आयरिश ब्लेंडला चालेल.

आधी लेबल वाचा, मग ते झाकायचंच आहे

आयरिश व्हिस्की म्हणवून घ्यायला कायद्याच्या अटी आहेत. दारू आयर्लंड बेटावरच गाळलेली आणि तिथेच लाकडी पिंपात किमान ३ वर्षं मुरलेली हवी. पिंप ७०० लिटरपेक्षा मोठं नको. बाटलीत किमान ४० टक्के अल्कोहोल हवं. पाणी आणि साधा कॅरॅमल रंग एवढंच वरून घालता येतं. म्हणजे लेबलावर ‘आयरिश व्हिस्की’ लिहिलं असेल तर आत साखर किंवा एसेन्स नाही, एवढी खात्री धरा. प्रॉपर ट्वेल्व्हचंच नाव मिरवणारी सफरचंदाच्या स्वादाची बाटली ३५ टक्क्यांची असते. तिला कायद्याने व्हिस्की म्हणता येत नाही आणि या पद्धतीने ती चाखण्यात अर्थही नाही.

‘ब्लेंडेड’ म्हणजे आयर्लंडमध्ये बनणाऱ्या तीन प्रकारांपैकी (मोड आणलेल्या बार्लीची माल्ट, पॉट स्टिल आणि मुख्यतः मका-गव्हाची ग्रेन) किमान दोन एकत्र केलेले. प्रॉपर ट्वेल्व्हमध्ये माल्ट आणि ग्रेन आहे. जेमसनमध्ये पॉट स्टिल आणि ग्रेन आहे, टुलामोर ड्यूमध्ये तिन्ही. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढे तुलनेसाठी दुसरा ग्लास निवडताना त्यावरच सगळं अवलंबून आहे. पॉट स्टिलमध्ये मोड न आणलेलं सातूही (बार्ली) असतं, त्याने तोंडात तेलकटपणा आणि मिरीसारखा हलका तिखटपणा येतो. तो प्रॉपर ट्वेल्व्हमध्ये शोधायला गेलात तर सापडणार नाही, आणि तो नसणं हा तिचा दोष नव्हे.

स्वस्त ब्लेंडमध्ये ग्रेनचा वाटा बहुधा मोठा असतो. ग्रेन व्हिस्की उंच स्तंभाच्या भट्टीत सतत गाळली जाते आणि ९४.८ टक्क्यांच्या जरा खालपर्यंत शुद्ध करता येते. जितकी शुद्ध, तितके मूळ धान्याचे स्वाद कमी. चवीचा भार मग पिंपावर पडतो. पिंपं बहुधा अमेरिकन बर्बन व्हिस्कीची जुनी, कारण बर्बनला दरवेळी नवं जळवलेलं ओक लागतं आणि वापरलेली पिंपं स्वस्तात निघतात. व्हॅनिला, मध, थोडं ओलं खोबरं हे वास तिथून येतात. वयाचा आकडा लेबलावर नसेल तर आतली सगळ्यात तरुण दारू जेमतेम तीन-चार वर्षांची असेल असं धरून चाला.

‘ट्रिपल डिस्टिल्ड’ वाचून दर्जा ठरवू नका. तीनदा गाळल्याने दारू हलकी होते; चांगली होते असं नाही. सोनेरी रंगावरही जाऊ नका. कॅरॅमल घालायला परवानगी आहे आणि स्वस्त बाटलीत तो असण्याची शक्यताच जास्त.

तयारी

ग्लास पोटाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता हवा. व्हिस्की चाखायचा खास ‘ग्लेनकेर्न’ ग्लास असेल तर उत्तम, नसेल तर छोटा वाइन ग्लास चालतो. आपल्याकडचा सरळ पेग ग्लास नको. त्याच्या उघड्या तोंडातून वास उडून जातो आणि नाकाशी फक्त अल्कोहोल उरतं. ग्लास साबणाने धुतला असेल तर कोमट पाण्याने पुन्हा विसळा आणि उलटा ठेवून हवेवर वाळू द्या. फडक्याने पुसलेल्या ग्लासला फडक्याचा वास येतो, आणि इतक्या हलक्या व्हिस्कीत तो चटकन जाणवतो.

तापमान हा आपल्याकडचा खरा अडथळा. पुस्तकांत ‘रूम टेंपरेचर’ म्हणतात ते आयर्लंडच्या खोलीचं, १८ ते २२ अंश. एप्रिल-मेमध्ये नागपूर-सोलापूरच्या खोलीत बाटली ३५ अंशांच्या वर असते. तेव्हा ग्लासातून अल्कोहोलची वाफ एवढी उठते की व्हॅनिला, मध सगळं तिच्याखाली दबतं आणि चांगली दारूही कच्ची वाटते. बाटली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वीस मिनिटं ठेवा. फ्रीझरमध्ये नको, फार गार झाली की वास मिटतो आणि लाकडाचा कडवटपणा तेवढा पुढे येतो.

जेवणाआधीची वेळ धरा, पण अगदी रिकाम्या पोटी बसू नका. तासभर आधी साधं काहीतरी खा. मसाला शेंगदाणे, फरसाण, कांदा-लिंबू मारलेला चखणा परीक्षा संपल्यावरच. मिरचीने जीभ पेटलेली असताना ४० टक्के अल्कोहोल दुप्पट झोंबतं. दात घासून लगेच बसू नका. खोलीत उदबत्ती, फोडणी, अत्तर, सिगारेट यांपैकी काही नको. सर्दी असेल तर दुसऱ्या दिवशी बसा, उगाच बाटली वाया जाते.

सोबत लागेल: साधं पाणी (क्लोरीनचा वास येणारं नळाचं नको), मेडिकलमधून आणलेली सुईविना ५ मिलीची सिरिंज, कोरडा पाव किंवा खारं नसलेलं बिस्किट, थुंकायला एक वाडगा आणि वही.

प्रमाण आधीच ठरवा. तीन ग्लासांत प्रत्येकी २० मिली म्हणजे एकूण ६० मिली, अर्थात एक लार्ज. एका बैठकीला एवढं पुरे. त्यानंतर जिभेचं मत विश्वासाचं राहत नाही. गाडी चालवायची असेल तर त्या दिवशी हा बेतच नको. महाराष्ट्रात अशा दारूसाठी वयाची अट २५ वर्षं आहे आणि परवानाही लागतो.

तुलनेचा ग्लास

एकच व्हिस्की एकटी चाखली की जीभ ‘चांगली आहे’ किंवा ‘जळजळते’ यापलीकडे काही सांगत नाही. शेजारी दुसरी ठेवली की फरक बोलू लागतात. प्रॉपर ट्वेल्व्हसाठी सगळ्यात योग्य जोडीदार बुशमिल्स ओरिजिनल. डिस्टिलरी तीच, घडण तीच, माल्ट अधिक ग्रेन. दोन्हींत जो फरक सापडेल तो माल्ट-ग्रेनच्या प्रमाणाचा आणि कुठल्या पिंपातली, किती मुरलेली दारू निवडली त्याचा. तिसरा ग्लास जेमसनचा ठेवा, म्हणजे पॉट स्टिल काय करतं ते कळतं. स्कॉच किंवा भारतीय व्हिस्की शेजारी ठेवू नका. धुरकट स्कॉच बाकी सगळ्यांना पाणचट ठरवते, आणि आपल्याकडची नेहमीची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची असल्याने तोलही बिघडतो.

वास

२० मिली ओता आणि सात-आठ मिनिटं हात लावू नका. तरुण दारूत इथाइल अॅसिटेट असतं, म्हणजे नेलपॉलिश काढायच्या द्रावाचा वास. तो बराचसा या वेळात उडून जातो. ओतल्या ओतल्या नाक खुपसून ‘स्पिरिटचा वास येतोय’ म्हणणारे बहुतेक वेळा इथेच चुकतात. वाइनसारखा ग्लास गरागरा फिरवू नका, त्याने अल्कोहोलच वर येतं. एकदा तिरका करून काच ओली करा, बस.

मग ग्लास आधी हनुवटीशी धरा, तिथून वरच्या ओठाशी, शेवटी नाकाशी आणा. तोंड किंचित उघडं ठेवून हळू श्वास घ्या, म्हणजे वाफ नाकात टोचत नाही. डाव्या नाकपुडीने एकदा, उजव्याने एकदा. दोन-तीन श्वासांनंतर थांबा आणि स्वतःच्या मनगटाचा किंवा बाहीचा वास घ्या. नाक पुन्हा कोरं होतं.

वहीत विलायती फळांची नावं लिहायची सक्ती नाही. आपल्या स्वयंपाकघरातली नावं जास्त नेमकी उतरतात. प्रॉपर ट्वेल्व्हच्या वर्गातल्या ब्लेंडमध्ये साधारण असं सापडतं: व्हॅनिला कस्टर्डची पावडर, पातळ मध, हिरवं सफरचंद, केळ्याच्या स्वादाची गोळी, ताजी भिजवलेली कणीक, नुकतंच रंधलेलं लाकूड. कणीक आणि केळं ही तरुणपणाची खूण. व्हॅनिला आणि लाकूड पिंपाचं. या दोन गटांपैकी कुठला वरचढ आहे तेवढं लिहिलंत तरी वासाचं निम्मं काम झालं. शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपात शेवटचे काही महिने ठेवलेली असेल, जशी पीकी ब्लाइंडर, तर मनुका आणि खजूर मिळायला हवेत. ते नुसते लेबलावर आहेत की ग्लासात, ते इथेच कळतं.

घोट

पहिला घोट अगदी छोटा, २ मिलीएवढा. त्याला गुण देऊ नका. तो फक्त जिभेला अल्कोहोलची सवय करून देतो. थोडं पाणी प्या, मिनिटभर थांबा. दुसरा घोट ३ ते ४ मिलीचा घ्या आणि आठ-दहा सेकंद तोंडात फिरवा, हिरड्यांपर्यंत पोचू द्या. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. खरी चव त्या श्वासात असते.

आता तीन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवा. सुरुवात: या ब्लेंडमध्ये ती बहुधा गोड असते, आणि याच गोडव्यावर ती विकली जाते. मधला भाग: जीभ भरते की पाण्यासारखं काहीतरी सरकून जातं? स्वस्त ब्लेंडची परीक्षा इथे होते. ग्रेन जास्त आणि माल्ट कमी असेल तर गोडवा आणि घशातली ऊब यांच्यामध्ये एक पोकळी जाणवते. शेवट: गिळल्यावर घड्याळ बघा. पंधरा-वीस सेकंदांत चव विरली तर ते या किमतीला साजेसं आहे. तीस सेकंदांच्या पुढे गेली तर पैसे वसूल. काय विरतं तेही बघा: गोडवा मागे राहिला तर उत्तम, चहाच्या उकळलेल्या पत्तीसारखा तुरटपणा राहिला तर लाकूड जरुरीपेक्षा जास्त उतरलेलं.

ऊब आणि जळजळ यांत गल्लत होते. ऊब छातीत उतरते आणि पसरते. जळजळ घशाच्या एका ठिकाणी टोचते आणि तोंडाला पाणी सुटतं. दुसरी असेल तर दारू कच्ची, किंवा बाटली गरम.

पाणी

हा टप्पा कुणी गाळू नये. २० मिलीत आधी २ मिली पाणी सिरिंजने घाला, म्हणजे ४० टक्क्यांवरून साधारण ३६ वर येते. ढवळू नका, तिरकं करून मिसळा आणि दोन मिनिटं द्या. बहुतेक वेळा मध आणि सफरचंद पुढे येतं. आणखी २ मिली घातलंत की ३३ टक्के. इथे स्वस्त ब्लेंड एक तर खुलतं, नाहीतर कोसळतं. कोसळलं तर ओल्या पुठ्ठ्याचा वास आणि नुसतं गोड पाणी हाती लागतं.

दोष शोधायचे असतील तर वेगळ्या १० मिलीत १० मिली पाणी घाला. २० टक्क्यांवर आणून नुसता वास घ्यायची ही पद्धत ब्लेंडिंग करणारे वापरतात, कारण अल्कोहोलचा पडदा जातो आणि आत जे आहे ते उघडं पडतं. भिजवलेल्या धान्याचा आंबूस वास, जळलेल्या काडेपेटीसारखा गंधक (शेरीच्या पिंपातून येतो), कडक पाकाचा कडवटपणा, हे सगळं या ग्लासात दिसेल. हा ग्लास प्यायचा नाही.

बर्फ घातल्यावर दारू गढूळ झाली तर घाबरू नका. गार झाल्यावर तेलकट घटक वेगळे होतात, त्याचा तो ढग. स्वस्त ब्लेंड बहुधा गार करून फिल्टरमधून गाळलेली असते, म्हणून ती सहसा नितळच राहते. ते शुद्धतेचं प्रमाणपत्र नाही.

डोळे झाकून

इथपर्यंत बाटली समोर होती. आता दुसऱ्या एखाद्या दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगा: तीन सारखे ग्लास घे, दोनांत एकच व्हिस्की ओत, तिसऱ्यात दुसरी. प्रत्येकी १० मिली. तळाला आकडा चिकटव आणि निघून जा. ओतणाऱ्याने ग्लास पुढे करताना शेजारी थांबू नये. त्याच्या चेहऱ्यावरूनच उत्तर कळतं. रंगात फरक असेल तर दिवा मंद करा किंवा स्टीलच्या छोट्या वाट्या वापरा. वास थोडा कमी येईल, पण डोळे चोरी करणार नाहीत.

तुमचं काम एकच, वेगळा ग्लास ओळखणं. अंदाजाने बरोबर यायची शक्यता तीनात एक असते, म्हणून एकदा बरोबर आलं त्याला किंमत नाही. वेगवेगळ्या दिवशी लागोपाठ तीनदा बरोबर आलं तर अंदाजाची शक्यता २७ मध्ये १ उरते, आणि मग फरक खरा मानायला हरकत नाही. प्रॉपर ट्वेल्व्ह आणि बुशमिल्स ओरिजिनल यांत हे सोपं जात नाही. वेगळा ग्लास ओळखता आल्यावरच दुसरा प्रश्न विचारा: यातला कुठला आवडला? हा क्रम उलटा केला की लेबल पुन्हा आत शिरतं.

वीस मिनिटांनी रिकाम्या ग्लासांचा वास घ्या. अल्कोहोल उडून गेल्यावर तळाशी वाळलेल्या थेंबात पिंप उरतं. चांगल्या मुरलेल्या दारूचा ग्लास व्हॅनिला, गूळ, कोरडं लाकूड असा वास देतो. ज्यात नुसता पीठूळ वास येतो किंवा काहीच येत नाही, ती दारू पिंपात फार थोडं शिकली आहे.

मग ती प्यायची कशी

अशी ब्लेंड नुसती पिण्यासाठी बनवलेलीच नसते असं म्हणणं अन्याय होईल. ३६ टक्क्यांवर ती बऱ्यापैकी लागते. पण तिची खरी जागा लांब ग्लासात. उंच ग्लास बर्फाने भरा, ४५ मिली व्हिस्की, १२० मिली गार जिंजर एल (आल्याच्या स्वादाचं फसफसतं पेय), लिंबाची एक फोड. सोड्यासोबत प्रमाण जास्तीत जास्त एकास दोन ठेवा. आपल्याकडे एकास चार ओततात, त्यात या हलक्या व्हिस्कीचं काही उरत नाही. कोलामध्ये मध-व्हॅनिला साखरेत बुडतं, मग कुठलीही व्हिस्की चालली असती.

आयरिश कॉफीला ही उत्तम. ५० मिली व्हिस्की, १२० मिली गरम कडक कॉफी, एक चमचा ब्राउन शुगर. साखर पूर्ण विरघळवा, नाहीतर वरची क्रीम तरंगत नाही आणि बुडून कॉफी गढूळ होते. क्रीमचीच खरी अडचण आहे. आपल्याकडे टेट्रापॅकमध्ये मिळणारी २५ टक्के स्निग्धांशाची क्रीम फेटून हवी तेवढी घट्ट होत नाही. ३५ टक्क्यांच्या आसपासची, बिनसाखरेची व्हिपिंग क्रीम घ्या, बाटलीत घालून फक्त दाट होईपर्यंत हलवा आणि चमच्याच्या पाठीवरून सोडा. ढवळायचं नाही, गार क्रीममधून गरम कॉफी प्यायची.

पावसाळ्यात घसा धरला असेल तर हॉट व्हिस्की: जाड काचेच्या ग्लासात ४० मिली, चमचाभर मध, लिंबाच्या चकतीत टोचलेल्या चार लवंगा, वरून १०० मिली गरम पाणी. पाणी उकळतं नको. उकळत्या पाण्याने अल्कोहोलची वाफ एकदम नाकात जाते आणि ठसका लागतो.

किमतीबद्दल एक गोष्ट. अमेरिकेत ही बाटली २०-२५ डॉलरला मिळते, तिथे ती खरोखर स्वस्त आहे. आयात शुल्क लागल्यावर आपल्याकडे तसं म्हणता येत नाही. शेजारीच बुशमिल्स किंवा जेमसन त्याच भावात किंवा कमी भावात असेल तर वरचे पैसे नावाचे. परदेशातून परतताना ड्यूटी फ्रीमधून घेणार असाल तर प्रत्येक प्रवाशाला दोन लिटरची मुभा आहे.

उघडलेली बाटली उभी ठेवा, आडवी नको. दारू बुचाला लागून राहिली तर ती बूच खाते. उन्हापासून आणि गॅसच्या ओट्यापासून लांब ठेवा. निम्म्यापेक्षा खाली गेली की आतल्या हवेने व्हॅनिला हळूहळू फिकं पडतं. तेव्हा उरलेली छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, किंवा दोन-तीन महिन्यांत संपवा.